काळीच्या मुखावर बोटीचा दिवस: आखणी परतीच्या वेळेपासून

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी बोटीत बसायची म्हटली की बहुतेक वेळा कारवारच गाठतात. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे थोड्याशा अंतरात नदी, खाडी, दर्या, कुर्मगडचे बेट आणि देवबागची सुरूची बने असे सगळे सापडते. सदाशिवगडाच्या पायथ्याला आणि समोर कोडीबागच्या काठावर भाड्याच्या बोटी मिळतात. अडचण सहलीच्या आखणीत असते. आधी रविवार ठरतो, मग गाडी, मग डबे, आणि बोटीचे बघू तिथे गेल्यावर. हा क्रम उलटा करा. बोटीच्या सहलीत पहिल्यांदा ठरवायची ती परत काठाला लागण्याची वेळ. तारीख, निघायची वेळ, किती लांब जायचे, हे सगळे तिच्यावरून ठरते.

वारा आणि भरती

ऑक्टोबर ते मे या काळात कारवारच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा दिवसभराचा पाठ ठरलेला असतो. रात्री जमीन निवते आणि मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. म्हणून सकाळी सात ते दहापर्यंत पाणी सपाट मिळते. ऊन चढले की अकराच्या सुमारास दर्याकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन ते चारला सर्वात जोरात असतो. फेब्रुवारीनंतर तो आणखी तापट होतो. सकाळी ज्या पाण्यात लहान पोरे हात बुडवून बसतात, त्याच पाण्यात दुपारी अंगावर तुषार येतात. तेव्हा समुद्राच्या बाजूचे सगळे सकाळी उरका आणि साडेबारा-एकपर्यंत नदीच्या मुखाच्या आत या.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. कोकणपट्टीवर मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत तिथी एकपासून मोजायची. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे पहाटे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. हा अंदाज तारीख निवडण्यापुरता. जाण्याच्या आदल्या दिवशी फोनवर कारवारचे वेळापत्रक बघा. मुंबईचे घेऊ नका, वेळा जुळत नाहीत.

आता हे दोन्ही एकत्र धरा. ओहोटीचे पाणी नदीतून बाहेर दर्याकडे धावते, दुपारचा वारा दर्याकडून आत येतो. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की मुखावर लाटा आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. बाहेर दर्यात तितके काही नसते, पण मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर बोट आपटत येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचे पाणी, त्यात दुपारी दोन-अडीचला ओहोटीचा जोर आणि खाऱ्या वाऱ्याचाही जोर. दर्यातून परतायला याहून वाईट वेळ नाही, आणि नेमके याच वेळी ‘जेवून निवांत परतू’ म्हणणारे गट मुखावर येतात.

म्हणून आमचा सल्ला असा. कुर्मगड किंवा डॉल्फिन बघायला दर्यात जायचे असेल तर चतुर्थी ते षष्ठी ही तिथी धरा. पहाटे भरती होऊन गेलेली असते, साडेसातला निघालात तर ओहोटीबरोबर अलगद बाहेर पडता. नऊ ते पावणेअकराच्या दरम्यान पाणी फिरते आणि परतताना चढती भरती व वारा दोन्ही तुम्हाला आत ढकलतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच सुट्टी असेल तर दर्या सोडा आणि नदीत वर, कडवाड-किन्नरच्या दिशेने खारफुटी बघायला जा. सकाळची भरती बोट वर नेते, अकरानंतरची ओहोटी परत आणते, आणि आत वाऱ्याच्या लाटा फारशा उठत नाहीत. सत्तरीपुढची माणसे किंवा पाच वर्षांखालची मुले बरोबर असतील तर कुठल्याही तिथीला नदीच निवडा. तेवढ्याने सहल कमी होत नाही. बगळे, खंड्या, घारी, कालवे काढणाऱ्या बाया, सगळे आतच दिसते.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, बोटीचा विचारच नको. यांत्रिक मासेमारीलाही या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मे अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस. तेव्हा निघण्यापूर्वी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज, दोन्ही बघा. उघड्या लहान बोटीसाठी लाट एक मीटरच्या आत आणि वारा ताशी वीस किलोमीटरच्या आत हवा. लाट दीड मीटर दाखवत असेल तर दर्या रद्द. बेळगावात आभाळ निरभ्र आहे यावरून काही ठरवू नका, मध्ये अख्खा घाट आहे. काठावर उभे राहून बघायची खूण सोपी आहे: दूरवर एखाद-दुसऱ्या लाटेच्या डोक्यावर पांढरा फेस दिसला तर चालते, जिकडे बघाल तिकडे फेस दिसला तर आज नाही.

बेळगावाहून कधी निघायचे

लोंढा, रामनगर, जोयडा, आणशी घाट या वाटेने कारवारला चार-साडेचार तास लागतात, थांबे वेगळे. पहाटे चारला निघून साडेआठला पोहोचायचे आणि नऊला बोटीत बसायचे, असे करता येते, पण घाटाच्या वळणांनी आधीच मळमळणारे पोट बोटीत पक्के बिघडते. शिवाय ड्रायव्हर झोपेचा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी कारवारात मुक्काम करा आणि साडेसातला बोट सोडा. साडेबाराला काठाला लागून जेवलात तरी आणशी घाट उजेडात चढून होतो. डिसेंबर-जानेवारीत साडेसहापर्यंत अंधार पडतो आणि घाटातून व्याघ्र प्रकल्पाचे जंगल जाते, हे लक्षात ठेवा.

बोट ठरवताना

फोनवर ‘किती घेणार’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. पहिला प्रश्न: बोटीची क्षमता किती, आणि त्यात खलाशी धरले आहेत का? क्षमता नोंदणीच्या कागदावर असते आणि बोटीवर रंगवलेलीही असायला हवी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नदी-खाडीतल्या इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. दाखल्याचा फोटो मागवा, त्यावरची तारीख उलटली आहे का बघा. खुशीने पाठवणारा मालक मिळेल. टाळाटाळ करणाऱ्याला सोडून द्या, कारवारात बोटी पुष्कळ आहेत.

मुलांना अर्धे धरून डोकी मोजायची सवय एसटीची आहे. बोटीत दोन महिन्यांचे मूलही एक माणूस, कारण जीवरक्षक जॅकेटही एक लागते. क्षमता बारा असेल आणि तुम्ही चौदा असाल तर दोन बोटी करा किंवा दोघांना देवबागच्या काठावर थांबवा. २१ जानेवारी २०१९ रोजी कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट बेटाजवळ उलटली आणि १५ हून अधिक माणसे गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. पौषातल्या त्या जत्रेच्या दिवशी गर्दी बघून भलतीच बोट धरू नका.

ठरलेले सगळे एका मेसेजमध्ये लिहून मालकाकडून ‘हो’ घ्या: बोटीचा नंबर, तारीख, निघायची आणि परतायची वेळ, कुठे-कुठे जायचे, किती माणसे, एकूण भाडे, त्यात डिझेल-पेट्रोल आणि जॅकेटे आली का, बेटावर थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का. आणि सर्वात महत्त्वाचे: वारा किंवा लाटेमुळे तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, नको म्हटले तर आगाऊ रक्कम परत की दुसरी तारीख. हे आधी ठरलेले नसले की पैसे बुडतील म्हणून गट अडून बसतो आणि तांडेल मन मोडवत नाही म्हणून बोट काढतो. बरेचसे वाईट निर्णय पैशाच्या या गाठीमुळे होतात. आगाऊ रक्कम थोडीच द्या.

काठावर पोहोचल्यावर पैसे देण्याआधी पाच मिनिटे बोट बघा. तळात पाणी साचलेले आहे का? थोडे असतेच, पण तळफळीच्या वर असेल तर ते उपसून दाखवायला सांगा. साचलेले पाणी बोट झुकली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी झुकवते. इंधन एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिलकीला, या हिशेबाने भरलेले हवे. इंधन भरताना सगळी माणसे काठावर. मागे लावलेले इंजिन सुरू केल्यावर त्याच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते का बघा. धार नसेल तर इंजिनाला थंड करणारे पाणी फिरत नाही आणि ते तापून मध्येच बंद पडेल. तांडेलाच्या मनगटाला किंवा कमरेला इंजिन बंद करणारी दोरी लावलेली असावी, तो पाण्यात पडला तर बोट गरगर फिरत बसत नाही.

बोटीत वल्हे किंवा दुसरे इंजिन, नांगर, दोर बांधलेली तरंगती रिंग, पाणी उपसायचा डबा, बॅटरी आणि अग्निशामक हवा. नांगराचा दोर विचारून घ्या: पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी लांब लागतो. चार मीटर खोलीत वीस मीटर. आखूड दोराचा नांगर तळाला धरत नाही, घसरत जातो, आणि इंजिन बंद पडलेली बोट खडकाकडे वाहत जाते ती अशीच. शेवटी सगळे बसल्यावर बोटीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर बघा. वीतभरच उरत असेल तर दोघे-तिघे उतरा.

जॅकेट

टपावर दोरीने बांधून ठेवलेली जॅकेटे म्हणजे नसल्यासारखीच. बोट उलटायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात कुणी गाठ सोडत नाही. काठावरच प्रत्येकाने घालायचे आणि काठावरच काढायचे. उकडते म्हणून एकाने काढले की पाठोपाठ सगळे काढतात, तेव्हा गटातल्या मोठ्या माणसाने हट्टाने अंगात ठेवावे.

जॅकेट हातात घेऊन बघा: बकल टच्च बसते का, फोम दाबून चपटा झालाय का, शिवण उसवली आहे का, शिटी आहे का. उन्हात फिकट झालेले आणि हाताला जड लागणारे जॅकेट पाणी प्यालेले असते, ते परत द्या. घातल्यावर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचे. जॅकेट हनुवटीवर सरकले तर सैल आहे, पट्टे ओढा. मुलांचे जॅकेट वजनावरून निवडतात, ते आतल्या लेबलावर छापलेले असते. मोठ्यांचे जॅकेट पोराला घातले तर पाण्यात जॅकेट वर राहते आणि पोर खालून निसटते. लहान मुलांसाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच हवे. तसे मिळण्याची खात्री नसेल तर बेळगावातून विकत घेऊन जा. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा, ओढणी गाडीत ठेवावी. भिजलेली साडी पायांना गुंडाळते.

पोट, पाणी, ऊन

उपाशीपोटी मळमळ वाढते आणि तेलकट नाश्त्यानेही वाढते. बोटीत बसण्याच्या दीड-दोन तास आधी इडली, उपमा किंवा दशमी-दही, एवढे पुरे. गाडी लागणाऱ्यांनी ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मुलांना, गरोदर बायकांना आणि रोजची औषधे असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारूनच द्या. गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. मळमळणाऱ्याला बोटीच्या मधल्या-मागच्या भागात बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. फोनमध्ये डोके घालून बसलेला हमखास उलटी करतो.

डब्यात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, कुंदा, जे हातात धरून खाता येते ते. रस्साभाजी नको. पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. उन्हाचा चटका वरून लागतो तसा पाण्यावरून परतूनही लागतो, हनुवटीखाली आणि मानेला क्रीम लावा. टोपीला नाडी हवी. उडालेल्या टोपीमागे झेपावणे हे पाण्यात पडण्याचे नेहमीचे कारण आहे. दारू काठावरही नको, निदान बोट होईपर्यंत.

चढणे, बसणे, उतरणे

धक्क्याच्या पायऱ्यांवर भरतीची रेघ स्पष्ट दिसते. तिच्या वरचा दगड कोरडा आणि करडा असतो. खालचा हिरव्या-काळ्या शेवाळाने गुळगुळीत आणि त्यातच कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या, धार ब्लेडसारखी. अनवाणी पाय टेकला की तळवा फाटतो, चपलेने टेकला की घसरतो. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि बोटही खाली जाते, म्हणून गुडघेदुखीच्या माणसांची चढ-उतार भरतीच्या जवळपास ठेवा.

एका वेळी एकच माणूस, दोन्ही हात मोकळे, पाय बोटीच्या मधोमध. पिशव्या मागून हातोहात. वजन कसे वाटायचे ते तांडेल सांगतो, नवरा-बायको शेजारी बसायचे की नाही हा प्रश्न तिथे नसतो. एकदा बसल्यावर जागा बदलायची तर सांगून आणि वाकून.

डॉल्फिन दिसले की सगळे एका बाजूला धावतात. भरलेली बोट या क्षणी लाटेशिवायही कलंडू शकते. निघण्यापूर्वीच सांगून ठेवा: दिसले तर जागेवरूनच बघायचे, तांडेल बोट फिरवून दोन्ही बाजूंना दाखवेल. त्यालाही पाठलाग करायला लावू नका. इंजिन मंद ठेवून पन्नास मीटर दूर थांबले तर ते बराच वेळ वर येत राहतात, मागे लागले की बुडी मारून निघून जातात.

कुर्मगडावर उतरताना लाट बोटीला वर-खाली करते. बोट आणि खडक यांच्या फटीत पाय किंवा बोटे सापडली तर हाड मोडते. काठाला हाताने ढकलू नका, लाट वर आली असताना तांडेल ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. त्याने आज उतरता येणार नाही म्हटले तर बेटाला फेरी मारून परता. अंजदीव बेट आणि अर्ग्याकडचा भाग नौदलाचा आहे, तिकडे बोट नेत नाहीत आणि कॅमेरेही तिकडे वळवू नयेत. नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. पुलाखालून कुठल्या गाळ्यातून जायचे हे तांडेलावर सोडा, फोटोसाठी जवळ न्यायला सांगू नका.

काही बिघडलेच तर

माणूस पाण्यात पडला: मोठ्याने ओरडा, एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे आणि नजर हलवायची नाही. लाटांत डोके नजरेआड व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्याने रिंग फेकायची. मागून उडी कुणीही मारायची नाही. माणसाजवळ येताच तांडेल इंजिन न्यूट्रल करतो, इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरत असताना पडलेल्या माणसाला मागच्या बाजूने ओढू नका.

इंजिन बंद पडले: बहुतेक वेळा पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक अडकलेले असते. नांगर टाकून, इंजिन वर करून ते काढतात, दहा मिनिटांचे काम. तोवर सगळे बसून राहा, वाकून बघायला मागे गर्दी नको.

बोट उलटली: उलटी बोटही सहसा तरंगते, तिला धरून राहा. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नका. ओहोटीच्या ओढीपुढे चांगला पोहणाराही दमतो आणि शोधणाऱ्यांना दिसत नाही. एकमेकांना कवटाळून, मुलांना मध्ये घेऊन थांबा.

तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, किनारी पोलीस १०९३, सर्वसाधारण मदत ११२, रुग्णवाहिका १०८. दोन फोन वॉटरप्रूफ पाकिटात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे. घरच्या एकाला बोटीचा नंबर, मालकाचा फोन आणि परतीची वेळ पाठवून ठेवा, आणि तासभर उशीर झाला तर आधी मालकाला, मग १५५४ ला फोन करायला सांगा.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढत बसू नका. शुद्धीवर असला पण खोकत असला, धाप लागत असली तर ‘आता बरा आहे’ म्हणून थेट घाट चढू नका, कारवारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

गोडे पाणी

कारवार लांब वाटत असेल तर गणेशगुडी जवळ आहे. तिथे काळी नदीवरच्या सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की खालच्या पात्रात पातळी आणि ओढ लगेच वाढते. म्हणून बोट किंवा कायाक घेताना आज पाणी कधी सुटणार हे पहिले विचारा आणि पात्रातल्या खडकावर डबा उघडून बसू नका. जलाशयांत धोका वेगळा: बुडालेल्या झाडांचे खुंट. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असतात आणि वरून दिसत नाहीत. हिडकल किंवा नविलुतीर्थाच्या पाण्यात मच्छीमाराची होडी, किंवा दूधगंगा-कृष्णाकाठी गुळाची काहील, गंमत म्हणून घेऊ नका. त्या चालवणाऱ्याला येतात, त्यात बसणाऱ्या पाहुण्याला नाही, आणि जॅकेट तर नसतेच.

काठाला लागल्यावर आधी डोकी मोजा, मग उरलेले भाडे द्या आणि घरी फोन करा. कचऱ्याची पिशवी बोटीत राहिली नाही ना बघा. तांडेलाने वाऱ्यामुळे फेरी आखडती घेतली असेल तर पैसे कापू नका, उलट बक्षिसी त्यालाच द्या.